वाट्याचं कथील

सबाचा निकाह परवावर आला तरी तिच्या मोठ्या भावाचा, नौशादचा, वाटा काही आला नव्हता. त्याच्या वडिलांनी, वजीरभाईंनी, तसं कुणाला विचारलं नाही. विचारणाऱ्यांतले ते नव्हतेच. पण अकिलाबींनी सणसवाडीला सुनेला, बुशराला, फोन करून सांगितलं, की म्हातारा रोज सकाळी भात्याजवळची वाटी उचलतो, आतले तुकडे बोटानं हलवून बघतो आणि परत ठेवतो.

"तोंडानं मागायचे न्हाईत गं ते," अकिलाबी म्हणाल्या. "आन् तुझा नवरा तोंडानं द्यायचा न्हाई. बाप तसा ल्योक. दोघांच्या मधी माझी सबा चालली नांदायला."

यवतच्या या कल्हईवाल्यांच्या घरातली रीत साऱ्या जमातीला ठाऊक होती. घरच्या मुलीच्या लग्नाचं जेवण शिजवायची तांब्याची देग घरातल्या वडीलधाऱ्यानं आपल्या हातानं कल्हई करायची, आणि त्या कल्हईला प्रत्येक नातेवाइकाच्या घरून चिमूटभर का होईना, कथील यायचं. सगळ्यांचे तुकडे एका पळीत वितळवून त्यांची एक कांडी ओतायची आणि तीच देगीला फिरवायची. मुलगी सासरी जाते ती सगळ्यांच्या वाट्यात शिजलेलं जेवून जाते, असं वजीरभाईंची आई म्हणायची. ज्याचं कथील नाही तो त्या लग्नात पाहुणा, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि हे कथील दुकानातून आणायचं नाही. घरातलं द्यायचं. मोडकी सुरमादाणी असेल, फुटक्या चहादाणीचं झाकण असेल, जुन्या पातेल्याची खरवड असेल, काहीही चालेल, पण घरातलं.

आता सणसवाडीच्या दोन खोल्यांत कथील कुठून यायचं? बुशरानं सगळं घर पालथं घातलं. स्टील होतं, ॲल्युमिनियम होतं, बाकी सगळा प्लास्टिकचा बाजार. नवऱ्याला विचारावं तर तो म्हणाला, "ज्या घरात माझी माणसं चालत न्हाईत, तिथं माझा वाटा कशाला?" आणि दुसऱ्या पाळीला कामावर निघून गेला.

त्याची माणसं म्हणजे कपाटातली. अंगठ्याएवढी, धातूची. दाढीवाले मांत्रिक, भाले घेतलेले ठेंगू, पंख मिटून बसलेला ड्रॅगन, अर्धा घोडा आणि अर्धा माणूस असलेला एक धनुर्धारी. विलायतेत चाळीसेक वर्षांमागे पोरं टेबलावर लढाईचे खेळ खेळायची, त्यासाठी छोट्या छोट्या कारखान्यांनी ही ओतलेली. ते कारखाने केव्हाच बंद पडले. नौशाद टूलरूममध्ये साचे करायचा तेव्हा मशीन बसवायला आलेल्या एका गोऱ्या इंजिनियरनं जाताना त्याला खिशातला एक मांत्रिक काढून दिला होता. पुढं ती टूलरूमची कंपनीही बंद पडली, त्याला दुसरीकडं काम लागलं, पण त्यानंतर हे वेड वाढलं. तो जगभरच्या हौशी लोकांशी फोनवर बोलायचा, एकाचं रंगवून द्यायचा आणि त्या बदल्यात दुसरं घ्यायचा. "चालू कारखान्याचं काय, आज न्हाई तर उद्या मिळंल," तो म्हणायचा. "बंद कारखान्याचा साचा मोडला की संपलं. मग जे हाय ते हाय."

वजीरभाईंचं म्हणणं त्याहून थोडक्यात होतं. "त्यांना डोळे हायेत," ते म्हणाले होते. "डोळ्यांचे पुतळे असतील त्या घरात माझी नमाज व्हत न्हाई. ते राहतील न्हाईतर मी." नौशादनं पेटी उचलली आणि तो सणसवाडीला गेला. बुशरा दोन पिशव्या आणि एक शेगडी घेऊन मागून गेली. त्याला चार वर्षं झाली.

तर त्या दुपारी बुशरा कपाटापुढं उभी होती. कल्हईवाल्यांची सून ती, पांढरा मऊ धातू दिसला की तिच्या मनात एकच नाव यायचं. पुढच्या रांगेतल्या रंगवलेल्यांना हात लावायची तिची छाती झाली नाही. त्यांना ती ओळखत होती, पुसता पुसता तिनं त्यांना मनातल्या मनात नावंही ठेवली होती. पण मागच्या खणात काही बिनरंगाचे पडले होते, त्यांतलं एखादंच तिच्या ओळखीचं. एकाचा हात तुटलेला, एकाच्या कडांना ओतकामाचे कंगोरे तसेच राहिलेले. हे रद्दीतले असणार, असं तिनं ठरवलं. ठरवून टाकलं की मन हलकं होतं.

पळी गॅसवर तापली. आधी त्यांचे पाय मऊ झाले. घोड्याची मान पाणी प्यायला वाकावी तशी वाकली. ते मरताहेत असं तिला वाटलं नाही, झोपताहेत असं वाटलं, आणि खोलीत एकाएकी इतकी शांतता झाली की बाहेर भाडेकरूंची पोरं खेळत होती ती तिला ऐकूच येईनात. मग पळीत नुसता चंद्राच्या रंगाचा एक थेंब उरला. तो तिनं वाळूत ओतला. निवल्यावर बोटभर लांब पट्टी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्रापूरहून चौफुल्याच्या एसटीत बुशरा ती पट्टी रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसली. न्हावरा गेल्यावर तिला डुलकी लागली. पारगावला भीमेचा पूल आला तेव्हा तिला दिसलं, की पुलाच्या कठड्यावरून ती सगळी एकामागून एक चालली आहेत. ड्रॅगन पुढं, घोडा मागं, तुटक्या हाताचा सगळ्यात शेवटी, आणि खाली नदी निवांत वाहते आहे. ती जागी झाली तेव्हा पूल मागं पडला होता आणि रुमाल घट्ट मुठीत होता. यवतला पोचेपर्यंत तिला आपण फार शहाणपणाचं काम केलं असं वाटत होतं.

अंगणात भाता सुरू होता. सोहेब, नौशादचा धाकटा भाऊ, भात्यावर बसला होता. घरची भांड्यांची गादी आता तोच चालवायचा, आणि घरात मोठ्या भावाची जागा रिकामी असली की धाकट्याचा आवाज आपोआप मोठा होतो, तसा त्याचा झाला होता. मोठी देग निखाऱ्यावर आडवी होती. ओट्यावर खुटबावचे पोपटराव बसले होते, गावच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या वडिलांपासून त्यांच्या घरचाही वाटा या देगीला यायचा. आईच्या जुन्या पितळी पातेल्याची खरवड ते कागदात बांधून घेऊन आले होते.

"आली व्हय मोठी सून," पोपटराव म्हणाले. "वजीरभाई, बघा कोण आलंय."

वजीरभाईंनी मान वर केली. बुशरानं सलाम केला, रुमाल सोडला आणि पट्टी त्यांच्या हातावर ठेवली.

"अब्बा, त्यांनी पाठवलंय. आमचा वाटा."

खोटं बोलताना तिचा आवाज कापला नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं. घरातून सबा धावत आली, मेंदीचे हात वर धरून. अकिलाबी दारात थबकल्या. सोहेबनं भाता थांबवला.

"त्यानं? सोताहून?" सोहेब म्हणाला.

कथील वाकवलं की करकरतं, अस्सल असेल तर कानाशी ते ऐकू येतं. वजीरभाईंनी पट्टी कानाशी धरून वाकवली. मग पुन्हा सरळ केली. पुन्हा वाकवली. त्यांना एवढा वेळ लागलेला बुशरानं कधी पाहिला नव्हता.

"नौशादचा वाटा," ते शेवटी म्हणाले आणि पळीकडं वळले. "सोहेब, भाता मार. थांबलास का?"

भाता फुसफुसला, सोहेबनं तापल्या देगीत कल्हई धरावी म्हणून नवसागर टाकला आणि पांढऱ्या धुरानं सगळं अंगण भरलं. त्या धुरात सासरा, दीर, देग, सगळी ढगात बसल्यासारखी दिसत होती. धूर विरला तेव्हा पळीत कथील लखलखत होतं. वजीरभाईंनी कांडी ओतली, ती देगीत टेकवली, कापसाचा बोळा फिरवला, आणि त्यांच्या हातामागून तांब्यावर चांदणं पसरत गेलं. बुशराला रडू आलं. आतमध्ये अकिलाबींनी तिला जवळ घेतलं.

"तू आणलंस व्हय गं हे," त्या कानात म्हणाल्या. कथील म्हणायचं होतं की आणखी काही, ते त्यांनी सांगितलं नाही.

सबानं तोवर फोन केलाही होता. "भाई, तुमचा वाटा आला! अब्बांनी घेतला! आता तुम्ही कवा येताय?"

पलीकडून फोन बंद झाला. "लाजला असंल," सबा हसून म्हणाली. बुशरा हसली नाही.

दुपारची जेवणं झाली. मोठी देग पुसून, पालथी घालून ठेवली होती, धाकटी निखाऱ्यावर चढत होती. पोपटराव ओट्यावरच लवंडले होते. अंगणात उन्हाची पेंग पसरली होती आणि त्या पेंगेतच मोटारसायकलचा आवाज आला. नौशाद फाटकातून आत आला तेव्हा पहिल्यांदा कुणाला ओळखूच आला नाही, कारण या घरात तो आत येताना दिसायची सवयच मोडली होती.

"भाई!" सबा ओरडली.

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आईला सलाम केला, बापाकडं पाहून केला. वजीरभाईंनी मानेनंच घेतला आणि निखाऱ्याकडं पाहत राहिले. नौशादचे डोळे मात्र बुशराला शोधत होते. ती न्हाणीच्या भिंतीशी उभी होती. तो तिच्याजवळ गेला.

"मागच्या खणातले कुठं हायेत?"

तिची नजर पालथ्या देगीकडं गेली.

"बुशरा, वितळवलेस?"

"रद्दीतले होते ना ते? रंग न्हाई, एकाला हात न्हाई..."

"ते सगळ्यात जुने व्हते." तो चिडून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो अगदी हळू बोलत होता, झोपलेल्या माणसाशेजारी बोलावं तसं. "पहिल्या ओतीचे. म्हणून रंग लावला न्हवता. असू दे. ते गेले ते गेले. पण तुला सांगितलं न्हाई मी कधी, आता सांगतो. त्या काळातले सगळे शिशाचे. थोडं कथील, बाकी शिसं."

कल्हईवाल्याच्या सुनेला पुढचं सांगावं लागत नाही. शिसं मिसळलेली कल्हई म्हणजे अन्नात विष, त्या घरात हे मुलांना बोलायच्या आधी शिकवतात. वजीरभाईंनी उभ्या जन्मात शिशाला भात्याजवळ येऊ दिलं नव्हतं. आणि आता त्यांच्या लेकीच्या लग्नाची देग अंगणात पालथी पडली होती, आणि त्यात सगळ्या जमातीचं जेवण शिजायचं होतं.

"नका सांगू," बुशरा म्हणाली. तिनं त्याची बाही धरली. "मी करते काहीतरी. म्हणते देग लहान पडंल, दुसरी भाड्यानं आणा. अहो, झाकली मूठ राहू द्या. चार वर्सांनी दार उघडलंय. आता सांगाल तर पुन्हा कधी उघडायचं न्हाई."

"आन् कुणी त्यात जेवलं तर?"

"जेवणार न्हाईत. मी बघते ना."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. या घरात यायची त्याची किती इच्छा होती हे त्या वेळी तिला त्याच्या तोंडावर दिसलं. इतकी वर्षं तो तिच्यापासूनसुद्धा लपवत आला होता. तो अंगणाच्या मधोमध गेला.

"अब्बा, ती देग खरवडा."

सोहेबचा भाता थांबला. पोपटराव उठून बसले.

"माझ्या वाट्यात शिसं व्हतं," नौशाद म्हणाला. "मी दिलं. माहीत न्हवतं असं म्हणत न्हाई. माहीत व्हतं. चूक झाली."

मग सोहेब उठला आणि जे सुचलं ते बोलत सुटला.

"चार वर्सांनी घरात आला तो देगीत विष घालून? आन् सगळ्यांचा वाटा गेला त्यात! अम्मीची सुरमादाणी व्हती ती. पोपटरावांच्या आईचं पातेलं. आता परत कुणाकडं मागायचं? आन् बाहेर काय सांगायचं, वजीर कल्हईवाल्याच्या घरच्या देगीत शिसं निघालं म्हणून? तुझ्या त्या पुतळ्यांनी घर फोडलं, आता नावही बुडवलं!"

"सोहेब, हळू," पोपटराव म्हणाले. "आपलेच दात, आपलेच ओठ. म्या काय गावभर सांगत फिरणार हाय व्हय? देग खरवडू. माझ्याकडनं दुसरा तुकडा आणतो."

"दोनदा दिलेला वाटा वाटा नसतो," अकिलाबी म्हणाल्या. सकाळी सुनेला पोटाशी धरणाऱ्या त्या ह्याच का, असं वाटावं इतका त्यांचा आवाज कोरडा होता. "नौशाद, द्यायचं न्हवतं तर द्यायचं न्हवतं. असं का दिलंस?"

"अम्मी, भाईनं सांगितलं तरी ना," सबा म्हणाली. "न सांगता गेला असता तर?"

"तू आत जा. तुझी मेंदी उतरवायचीय."

"न्हाई जात. देग माझी हाय."

नौशाद खाली मान घालून उभा होता. बुशरा भिंतीशी होती. तिला वाटलं, आपण ही सगळी माणसं खूप लांबून बघतो आहोत, त्या धुराच्या पलीकडून, आणि आपण तोंड उघडलं नाही तर ती तिथंच राहतील, कायमची, तो मान घालून आणि बाकीचे त्याच्याकडं बोट करून. तशी कपाटात ठेवता आली असती. फार सोपं होतं. ती पुढं झाली.

"त्यांनी न्हाई दिलं," ती म्हणाली. "त्यांना माहीतच न्हवतं. मी कपाटातले बिनरंगाचे, एक हात तुटलेला, असले काढले आन् वितळवले. मला वाटलं कथील हाय. त्यांनी पाठवलंय असं मी म्हणाले तेबी खोटं. त्यांचा वाटा आलाच न्हवता अब्बा, मला तो यायला पाहिजे व्हता."

एवढं बोलून ती तिथंच बसली.

वजीरभाईंनी सांडशी बाजूला ठेवली. हात पुसले. बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि बोटभर लांब, मधोमध वाकलेली पट्टी काढून तळहातावर धरली.

"हे म्हणता ना?"

सोहेब पुढं वाकून पाहू लागला.

"घातलंच न्हाई म्या," वजीरभाई म्हणाले. "वाकवलं तर मेणागत वाकलं. आवाज न्हाई. बोटं काळी झाली. धूर झाला तवा खिशात टाकलं, आन् माझ्या डब्यातलं पळीत घातलं. बापाचं पोराच्या नावानं चालतं. देगीला काय झालं न्हाई. तशीच राहू द्या ती."

"मग सकाळीच का न्हाई सांगितलंत?" अकिलाबी म्हणाल्या. "आमचा जीव गेला न्हवं इथं!"

"सांगितलं असतं तर वाटा परत द्यायला लागला असता." ते सुनेकडं वळले. "तो म्या कसा परत देऊ? एवढ्या दिसांनी आला व्हता."

बुशराच्या मनावरचा डोंगर उतरला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, ज्याला तिच्यापाशी शब्द नव्हता. ती पदरात तोंड घालून रडली, आणि या वेळी अकिलाबी तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. सोहेब देगीपाशी गेला, तिच्यावरून हात फिरवला, उगाचच. मग भावाकडं न पाहता म्हणाला, "मला काय माहीत. मी आपला बोललो. तू तरी कशाला मी दिलं म्हणालास?"

"तिच्या जागी तुझी बायको असती तर तू काय म्हणाला असतास?" नौशाद म्हणाला.

सोहेब विचारात पडला, आणि हसायचं नसताना त्याला हसू आलं. "मी तिचंच नाव सांगितलं असतं," तो म्हणाला. पोपटराव खो खो हसले आणि अंगणात पुन्हा वारा खेळायला लागला.

वजीरभाई मात्र हसले नाहीत. पट्टी अजून त्यांच्या हातात होती. ते तिच्याकडं पाहत होते, तिला उलटी करत होते, उन्हात धरत होते.

"नौशाद."

"जी, अब्बा."

"काय व्हतं हे? वितळायच्या आधी."

नौशादनं बायकोकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "सगळी मिळून ती एवढी झालीत, अब्बा. एक ड्रॅगन व्हता, पंख मिटलेला. अंडं राखत बसलेला. दोन भावांनी घराच्या मागच्या खोपटात कारखाना काढला व्हता, त्यांचा. पुढं भाऊ भांडले आन् कारखाना बंद झाला."

"व्हतंय तसं," वजीरभाई म्हणाले. "आन्?"

"एक घोडा व्हता. वरनं माणूस. एक बाई व्हती, टोपलीत कायतरी घेऊन निघालेली. तिच्या टोपलीत काय हाय ते मला कधी कळलं न्हाई."

"आंबे," बुशरा पदराआडून म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. "मी तिला आंबेवाली म्हणायचे. पुसताना."

नौशाद तिच्याकडं पाहतच राहिला. "मला सांगितलं न्हाईस कधी."

"तुम्ही हसला असता."

"न्हाई गं," तो म्हणाला. "आंबेच असतील."

निखारे मंद होत होते आणि कुणी भाता मारत नव्हतं. सबा चौकटीला टेकून खाली बसली होती, मेंदीचे हात गुडघ्यांवर ठेवून. पोपटरावांना खुटबावला जायचं होतं ते राहून गेलं होतं. नौशाद एकेकाबद्दल सांगत होता, कोण कुठल्या गावच्या कारखान्यात ओतला गेला, कुणाचा साचा कुठं मोडला, आणि ऐकता ऐकता अशी चमत्कारिक गुंगी आली, की कुणी हलायला तयार नव्हतं. उन्हाचे कवडसे देगीवरून हळूहळू सरकत होते. ज्या माणसांना या फाटकातून आत यायला मनाई होती, ती एकेक करून अंगणात येऊन उभी राहत होती.

"आन् त्यो हात तुटलेला?" सबानं विचारलं. "भाभी म्हणाली व्हती एक."

"तो पहिला," नौशाद म्हणाला. "मशीनवाल्या गोऱ्यानं दिलेला मांत्रिक. हात माझ्याकडनंच तुटला. इथनं निघालो तवा पेटी पडली व्हती."

बुशरानं पदर तोंडावर ओढला. मांत्रिक पहिला होता हे तिला ठाऊक होतं, पण तो हाच होता, रद्दीत निघालेला, हे ठाऊक नव्हतं. नौशाद मात्र तिच्याकडं पाहून मान हलवत होता. नको, तसं नको, असं काहीतरी सांगत होता.

वजीरभाई मुलासमोर उभे होते. त्यांनी पट्टी मुठीत मिटली.

"त्याला डोळे व्हते?" त्यांनी विचारलं.

सोहेबनं मान खाली घातली.

"व्हते, अब्बा," नौशाद म्हणाला. "खोटं न्हाई बोलत. टाचणीच्या टोकाएवढे, पण व्हते."

"मग बघत कुठं व्हता?"

नौशादला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याला विचार करावा लागला.

"वर," तो म्हणाला. "मान वर करून. कुणीतरी उंच माणूस समोर उभा असल्यागत. आन् त्यो माणूस कायतरी बोलंल म्हणून वाट बघत असल्यागत."

वजीरभाईंनी एक हात भात्यावर टेकला, दुसरा गुडघ्यावर, आणि म्हातारं शरीर सांभाळत ते हळूहळू खाली, नौशादच्या पायापाशी मातीत बसले. नौशाद घाईनं खाली बसला. दोघांची तोंडं एका उंचीवर आली.

"बोल," वजीरभाई म्हणाले. "आता म्या ऐकतो."